दोन नंबरचं मैदान

पहिल्या वर्षी माझ्याकडे फक्त चिकटपट्टी होती.
मैदानाच्या कडा चिकटवायच्या,
मॅच संपली की उडालेले ठोकळे मोजून
जागच्या जागी ठेवायचे.
दुसऱ्या वर्षी फेगडे सरांनी मल्टिमीटर दिला
आणि म्हणाले, "पोरांनी सांगितल्याशिवाय
त्यांच्या गाडीला हात लावायचा नाही.
आधी हात खिशात ठेवायला शीक,
बाकीचं मग शिकवतो."

सरांची सगळी नोकरी भुसावळच्या इंजिन शेडमधली.
रोबोटला गाडी म्हणायचे,
बंद पडला की 'गाडी फेल'.
यंदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन.
फोनवर म्हणाले, जॅकेट कपाटात आहे,
तुला ढगळ होईल, पण होईल.

पाठीवर लिहिलंय 'तांत्रिक प्रमुख'.
ती अक्षरं मला दिसत नाहीत.
ज्यांना दिसतात त्यांना वाटतं
हिला सगळं ठाऊक असणार.

सकाळी अकराला साक्रीची गाडी
दोन नंबरच्या मैदानावर, खिडकीकडच्या कोपऱ्यात
गपकन थांबली.
मी वाकले. वायर हलवून दाखव म्हटलं.
हलली. जराशीच, पण हलली.
मागे लोक होते, वॉकीटॉकी खरखरत होता,
मी म्हटलं, सैल आहे तुमची.

चेतना भदाणे, आठवी,
मनगटावर स्केचपेनने काढलेलं सर्किट.
"मॅडम, वायर पक्की शे मनी."
मी फॉर्मवर लिहिलं : दोष, संघाचा.

दुपारी चोपड्याची गाडी. तोच कोपरा.
मग यावलची.
"सोल्डरिंगच कच्चं यांचं," माझी कॉलेजची पोरं म्हणाली
आणि मी मान हलवणार
तेवढ्यात पाण्याच्या स्टीलच्या टाकीनं
नळाला बोट लावताच मला चटका दिला.

फेब्रुवारी. बाहेर पापड तासात वाळेल अशी हवा.
रबरी चाकं फोमच्या मॅटवर घासतायत सकाळपासून.
मी चपला काढून त्या कोपऱ्यात गेले,
बाही सारून हात मॅटवर धरला.
लव उभी राहिली.
कातडीला कळलं, डोक्याला जरा उशिरा.
आणि ती मॅट नवी होती.
परवा संध्याकाळी मीच बसवलेली.

वॉकीटॉकीवर म्हटलं, अर्धा तास सगळं थांबवा.
पाहुणे आलेत, मॅडम.
थांबवा.

रेल्वेच्या हॉलचे कूलर अजून गोणपाटात होते.
शिपाई म्हणाला, होळीच्या आधी कोण काढतं हे?
काढले. टाक्या भरल्या.
मैदानाच्या लोखंडी चौकटीतून तांब्याची तार
खिडकीखालच्या अर्थिंगला नेली.
वाळ्याचा वास सुटला भलत्याच महिन्यात,
आयाबाया पदर आवरून कुरकुरल्या.
आमची चाचणीची गाडी त्या कोपऱ्यात फिरवली,
बारा वेळा.
नाही थांबली.

मग मी टेबल क्रमांक सतराकडे निघाले.
अंतर पन्नास पावलं असेल.
जॅकेट फार ढगळ होतं.
वाटेत दोन वाक्यं तयार केली होती,
तिथं पोचल्यावर एकच निघालं :
"दोष मैदानाचा होता. मैदान माझं."

तिनं मान वर केली नाही.
दातांत एक स्क्रू होता, तो काढून म्हणाली,
"मंग आमनी म्याच?"
"परत होईल. चोपड्याची आणि यावलचीही."
"मंग ठीक शे."

फॉर्म टेबलावर ठेवून 'संघाचा' खोडलं.
शेजारी सही करताना पेन अडकला,
दोनदा गिरवावी लागली.

निघणार तर ती म्हणाली, "मॅडम,
हाई बॅटरी धरा ना जरा. खाले. आजून खाले."

मी खिशातला हात काढला,
ती सांगेल तिथं उजेड धरून
गुडघे दुखेपर्यंत तशीच बसून राहिले.
मला तिथून एक स्क्रू उलटा बसलेला दिसत होता.
बोलले नाही.
तिलाही दिसला, थोड्या वेळानं.